एक गिन्नी आत

आत्याबाई, पहिलं हे सांगते की तुमची पाखरं जिवंत आहेत. तुमाले तेच विचाराचं असंल, माझी तब्येत नाही. तुमी गेल्या त्या दिवशी घरात इतकी माणसं जमली, रडारड झाली, चहाचे गंज चढले अन् उतरले, पण पाखरांच्या कोठ्याकडं कोणाचंच लक्ष नव्हतं. मीच पदर खोचून तिकडं गेली, तांदळाची कनकी टाकली, पाणी ठेवलं. मागून एक बाई म्हणालीच, "सासू अंगणात निजून आहे अन् सून कोंबड्या पाहून राहिली." म्हणू दे. तुमी असत्या तर तिले चांगलं झाडलं असतं. तिले काय माहीत की ह्या घरात आधी ह्या गिन्नी कोंबड्यांचं होते अन् मग माणसाचं.

मी लाखनीची, बारावी झालेली. लग्न होऊन आली तेव्हा "मला, तुम्हाला" असं बोलत होती, अन् तुमी तोंडाले पदर लावून हसत होत्या. "लाखनीवाली पुस्तकावानी बोलते गा," असं तुमच्या लेकाले, बाल्याले सांगत होत्या. माझं नाव तुमी कधी घेतलंच नाही. लाखनीवाली म्हणजे लाखनीवाली. आता पाहा, माझं तोंड पार तुमच्यासारखं झालं. मीनल परवा म्हणाली, "आई, तू आजीसारखीच बोलतेस." पोरगी बापासंग जवाहरनगरात राहून शिकते, तिले "मला" म्हणता येते. मलेच आता येत नाही. माझी भाषासुद्धा तुमी कोठ्यात घातली, आत्याबाई, अन् कडी लावली.

राग येऊन राहिला मले. रडू बी येऊन राहिलं. दोन्ही एकाच वेळी येते तेव्हा माणसानं काय करावं, हे तुमी शिकवलं नाही.

आठवते का तो विम्यावाला? पांढरा शर्ट, काळी बॅग, केसाले तेल. फाटक लोटून आत आला अन् साऱ्या गिन्न्या ओरडत त्याच्यावर धावल्या. राखाडी अंग, त्याच्यावर पांढरे ठिपके, टकलं डोस्कं, गालाजवळ लाल पाळ्या लोंबून राहिलेल्या. बिचाऱ्यानं असलं पाखरू जन्मात पाहिलं नव्हतं. मोटारसायकलच्या सीटवर चढून उभा राहिला अन् विचारते कसा, "ताई, ही गिधाडं आहेत का?" तुमी ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. तशाच बसून म्हणाल्या, "नाही गा, मोर होय. लहानपणी असेच दिसतात." मी आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसली. तुमी मात्र चेहऱ्यावर एक रेघ हलू दिली नाही. विम्यावाला पुन्हा कधी आला नाही, अन् साप बी कधी अंगणात आला नाही. तुमचं म्हणणं होतं की दोन्ही गिन्न्यांचीच मेहेरबानी.

पाहा, हसली ना मी. आता पुन्हा मुद्द्यावर येते.

पहिल्या गिन्न्या तुमाले तुमच्या भावानं दिल्या होत्या, जुन्या गावी, वैनगंगेच्या काठी. गोसीखुर्द धरणाचं पाणी चढलं अन् गाव गेलं, त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. मी तेव्हा ह्या घरात नव्हती. पण तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकली की ते अंगण मले माझ्या माहेरच्या अंगणापेक्षा चांगलं दिसते. ह्या पाखराची जात वेगळी, हे तुमाले कोणी सांगितलं नव्हतं. कोंबडी सोडली की सांजंले घरी येते, तशी हे बी येईल, असं समजून तुमी आणल्या-आणल्या साऱ्या सोडून दिल्या. त्या उडाल्या अन् नदीपलीकडच्या झाडांवर जाऊन बसल्या. काही घुबडानं नेल्या, काही कुठं गेल्या पत्ता नाही. एक बी परत आली नाही.

अन् त्याच साली बाल्याचे बाप, मामाजी, घर सोडून गेले. तुमी बाळंतपणाले माहेरी, घराले कुलूप, अन् ते नागपूरले कामाले म्हणून गेले ते गेलेच. कोणी म्हणे तिकडं दुसरं घर केलं, कोणी म्हणे आणखी काही. तुमी बाल्याले काखेत घेऊन परत आल्या तेव्हा दाराचं कुलूप तसंच होतं. "घर रिकामं होतं ना वो," असं तुमी म्हणत होत्या, "आवाज द्याले कोणी नव्हतं." हे गिन्न्यांबद्दल बोलून राहिल्या की मामाजींबद्दल, ते मी कधी विचारलं नाही. दोन्ही दुःखं तुमच्या पोटात एकातएक गुंतून गेली होती, अन् त्याच गुंत्यात पुढं मी सापडली.

गाव धरणासाठी उठलं तेव्हा बाकीचे लोक नव्या गावठाणात गेले. तुमी नाही गेल्या. माहेरच्या ओळखीनं सानगडीच्या बाजूले हे रान घेतलं, बोडीच्या तळ्याखालचं, मागं मोहाची झाडं. सगळ्यात आधी काय बांधलं तर गिन्न्यांचा कोठा. घर नंतर. बाल्या तेव्हा जवाहरनगरात फॅक्टरीत नवीनच लागला होता. तो सांगते, तुमी जाळी जमिनीत हातभर गाडायला लावली, मुंगूस खालून उकरते म्हणून. आत बांबूचे आडवे दांडे उंचावर, कारण गिन्नीले उंचावर बसल्याशिवाय झोप येत नाही. खाली बसवली की ती मोकळ्यात झाड शोधते. कोठ्याले दोन खण, दोन दारं. एका खणातून साऱ्या बाहेर जायच्या, अन् दुसऱ्या खणात एक राहायची.

ह्या वेळी तुमी चुकल्या नाही. अंडी खुडूक देशी कोंबडीखाली ठेवली, कारण गिन्नी आई म्हणून एकदम बेकार. दवाच्या गवतातून पिल्लांले हिंडवते अन् मागं कोण राहिलं ते पाहत नाही. पिल्लू भिजलं की गेलं. मोठी झाली की तुमी त्यांले कोठ्यात बंद ठेवत होत्या, हेच घर आपलं, हे त्यांच्या डोक्यात बसेपर्यंत. मग अर्ध्या सोडायच्या अन् अर्ध्या आत. आतल्या ओरडतात, बाहेरच्या त्या आवाजावर परत येतात. गिन्नीले एकटं राहता येत नाही, तेच तिचं दावं.

इथपर्यंत सारं बरोबर होतं. नव्या पाखराले असंच शिकवावं लागते, मी बी असंच शिकवीन. पण पाखरं जुनी झाली, बोडीपासून मोहापर्यंत सारा रस्ता त्यांले पाठ झाला, तरी तुमी एक आत ठेवायचं सोडलं नाही. रोज एक. जिचा गळा मोठा ती आत. "एक मादी आत असली की कळप कुठं जात नाही," हा तुमचा कायदा. दिवसभर ती आतली ओरडत राहायची, जाळीच्या काठाकाठानं चालत राहायची. तिथली जमीन चालून चालून सारवल्यासारखी चिकनी झाली. मी न्हाणीजवळ भांडे घासतानी ते ऐकत होती. सुरुवातीले डोकं उठायचं. मग सवय झाली, अन् ते सवय होणं जास्त वाईट होतं.

मीनल पाचवीत गेली तेव्हाचं बोलू आता. बाल्याले जवाहरनगरात क्वार्टर भेटलं होतं. दोन खोल्या, नळाचं पाणी, समोर मैदान, शाळा चालत जायच्या अंतरावर. माझी पेटी भरून झाली होती. मीनलची वेगळी. मी हिरवी साडी नेसून तयार बसली होती, अन् तुमी धानाच्या बांधीतून आल्या, पाय बी धुतले नाही, अन् म्हणाल्या, "पोरीले जाऊ दे, शाळा मोठी गोष्ट आहे. लाखनीवाली थांबते कापणीवरी."

मी बाल्याकडं पाहिलं. बाल्या त्याच्या बुटाकडं पाहून राहिला होता. तुमचा लेक बुटाकडं पाहण्यात लय हुशार, आत्याबाई. आयुष्यभर जे जे ठरवायचं होतं ते त्यानं बुटाले विचारून ठरवलं.

मी थांबली. कापणी म्हणजे काय लांब होती! कापणी झाली, मग चुरणी, मग लाखोरीचं पीक, मग उन्हाळी धान, मग रोवणी, मग पुन्हा कापणी. शेतीवाडीच्या घरात बाईले थांबाले कारण कमी पडत नाही. प्रत्येक वेळी पेटी भरायच्या आधीच तुमी काहीतरी काढत होत्या. अन् सगळी कारणं संपली की गिन्न्या होत्याच. "मी म्हातारी, मले पाखरं धरता येत नाही आता. तू गेली तर कळपाले पाहील कोण?"

शनिवारी सांजंले बाप-लेक यायचे. गाडी फाटकात शिरली की तुमी आधी माझ्याकडं पाहायच्या. कशी ती नजर! आले की नाही, सांग. मी म्हटलं नव्हतं का? जणू मीच दिवसभर ओरडून त्यांले बोलावलं. मीनल धावत येऊन माझ्या कमरेले चिपकायची, तिच्या केसाले परक्या साबणाचा वास यायचा. इतवारी सांजंले परत जायची. फाटकाजवळ तिचा लहानसा हात हलायचा, अन् मी हात हलवून आत येऊन भाकरी थापायची. डोळ्यातलं पाणी पिठात पडलं तर तुमाले दिसायचं. मग पाटा-वरवंट्याचा आवाज मोठा व्हायचा तुमचा.

पोरगी शहाणी झाली, ते मले फोनवर समजलं. शेजारच्या क्वार्टरमधल्या बाईनं तिले सारं समजावून सांगितलं, गरम पाणी दिलं, जवळ बसली. माझ्या पोरीजवळ ती बसली. मी फोन ठेवला अन् अंगणात आली. तुमी कनकी निवडून राहिल्या होत्या. मी उभ्या-उभ्याच म्हटलं, "आत्याबाई, मी गिन्नी नाही."

तुमी मान वर केली नाही. सुपातले खडे बाजूले काढत म्हणाल्या, "माहीत आहे. गिन्नी गेली तर दुसरी भेटते."

आता ह्याले काय म्हणावं? शिवी होती का? माया होती का? मी त्या रागात तुमच्यासंग बोलणंच टाकलं. अन् त्या अबोल्यात तुमी काय केलं, तर माझ्या ताटात तुमच्या वाट्याची मासोळी बी वाढली, अन् मी उठून गेल्यावर माझं ताट घासलं. सासूनं सुनेचं ताट घासलं! शेजारणीनं पाहिलं असतं तर गावभर झालं असतं. पुढं आपण बोलाले लागलो, पण ते वाक्य तसंच राहिलं. मी कितीदा ठरवलं, विचाराचं तुमाले, त्याचा अर्थ काय होता. आता कोणाले विचारू?

कारण तुमी नुसत्या वाईट असत्या तर माझं किती सोपं झालं असतं. मी कधीच निघून गेली असती. कावीळ झाली तेव्हा माझ्या उशाशी बसून तुमी उसाचा रस चमच्यानं पाजला. दुसरं पोर झालं नाही म्हणून तुमच्या जावेनं माझ्या तोंडावर बोलून दाखवलं, "सुनेले पोरगा नाही वो." तुमी लगेच म्हणाल्या, "मले तर पोरगा आहे ना? त्यानं काय उजेड पाडला? शनिवारी येते, भात खाते, घोरते." जाऊ उठून गेली. तेवढ्या एका वाक्यासाठी मी तुमच्याजवळ आणखी कितीतरी कापण्या थांबली असती, पण तुमी मले तसं थांबू कुठं दिलं? आपल्या मनानं थांबणं वेगळं असते.

गिन्नीले पायाले धरायचं नाही, हे तुमीच शिकवलं. पाय नाजूक, झटक्यात तुटते. "पंखाच्या मुळाशी धर, दोन्ही हातानं, अन् छातीशी घे. मग तडफडत नाही." मले बी तुमी तसंच धरलं होतं. कुठं दुखलं असं दाखवता येत नव्हतं कोणाले, पण हलता बी येत नव्हतं.

त्या दुपारी तुमी कडुनिंबाखाली बाजेवर पडल्या होत्या. छातीत जड वाटते म्हणाल्या. मी बाल्याले फोन केला, गाडीवाल्याले फोन केला, मग येऊन तुमचे तळपाय चोळत बसली. थंड होते. गिन्न्या बोडीकडं गेलेल्या, अन् आतली ओरडून राहिली होती. तुमी डोळे उघडून विचारलं, "एक आत ठेवली ना वो?" मी म्हटलं, "हाव, ठेवली." तुमी डोळे मिटले. मले वाटलं, ऐकून बरं वाटलं, झोपल्या. गाडी आली तेव्हा तुमी नव्हत्या.

काय विचारत होत्या, आत्याबाई? त्या आवाजाचंच विचारत होत्या ना? की मी जाईन म्हणून भीती वाटून राहिली होती? मी "हाव" कशाले म्हटलं, ते माझं मलेच माहीत नाही.

मग पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजी आले, वंदना झाली, खीर वाढली, लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलले. एकानं तर तुमाले स्वभावानं गरीब म्हटलं. तुमी ऐकलं असतं तर त्याले फाटकापर्यंत गिन्न्या लावल्या असत्या. दुसऱ्या दिवशी बाप-लेक निघाले. बाल्यानं गाडीले किक मारतानी म्हटलं, "पाखरांचं काहीतरी लावून टाक. साकोलीचा एक ढाब्यावाला विचारून राहिला होता. मग ये सवडीनं."

सवडीनं! मले सवड नव्हती म्हणून मी इतकी वर्षं इथं होती, असं वाटलं का ह्या माणसाले?

अन् मीनल, माझी शहाणी पोर, गाडीवर बसता बसता म्हणाली, "आई, तू आलीस की तुझा पलंग कुठं टाकायचा गं? आतल्या खोलीत माझं टेबल आहे." तिचं काही चुकलं नाही. खोली खरंच लहान आहे, तिची बारावी आहे, ती खरंच विचार करून राहिली होती. पण तिथं माझी जागा रिकामी राहिली असंल, अशी मी समजून होती. जागा अशी रिकामी राहते होय? तिथं टेबल येते.

ते गेल्यावर मले वाटलं होतं, आता दोन दिवसात सारं आवरते अन् निघते. अडवाले कोण आहे? पण नवीन पाखरांचं दार पहिल्यांदा उघडलं की ती कशी करतात, ते तुमाले माहीत आहे. उंबरठ्यावर येतात, मान लांब करून पाहतात, अन् परत आत जातात. माझं तसंच झालं. रोज सकाळी उठून मी कोठा झाडून राहिली. बांधीत जाऊन पाणी पाहून राहिली. अन् रोज, कोणी सांगाले नसतानी, जिचा गळा मोठा ती गिन्नी धरून मी आत कोंडून राहिली. एका सकाळी तिच्यामागं कडी लावली अन् माझ्या हाताकडं पाहिलं, तर तो तुमचाच हात. तशीच कडी लावायची पद्धत, खाली एक टिचकी मारून. मले इतकी चीड आली की मी तिथंच शेणात बसली.

ढाब्यावाल्याले द्यायच्या नव्हत्या. ते माझ्यानं होत नव्हतं. घेऊन जावं म्हटलं तर क्वार्टरमध्ये मीच मावत नाही, गिन्न्या कुठं मावतील? त्या आहेत तोवर मी सुटत नाही, एवढंच मले समजून राहिलं होतं. मग काल सकाळी मी ठरवलं. दोन्ही दारं उघडली. साऱ्या गेल्या. आतली जाईना, तर काडी घेऊन तिले बी हाकललं. "जा! जा मोहावर, जा जंगलात, तुझं नशीब तू पाहा!" कनकी टाकली नाही. पाण्याचं भांडं पालथं केलं. तुमाले वाईट वाटलं असंल तर वाटू दे. पहिल्यांदाच त्या कोठ्यात कोणी नव्हतं, अन् पहिल्यांदाच अंगणात चूप होतं.

पेटी भरली. घराले कुलूप लावलं. दुपारच्या गाडीनं साकोली, तिथून पुढं भंडारा, असं ठरवलं होतं. पण पाय निघेना. मले एकदा पाहाचं होतं की त्या गेल्या. खरंच गेल्या, म्हणजे मन मोकळं होईल, मागं वळून पाहावं लागणार नाही. म्हणून पेटी जवळ घेऊन ओट्यावर बसली. गाडीचा हॉर्न ऐकू आला. गाडी गेली. मी बसूनच राहिली. एकदा मनात आलं, तुमच्या पहिल्या गिन्न्यांसारख्या ह्या बी कुठं घुबडाच्या तोंडी जातील. मग स्वतःलेच म्हटलं, बस आता, सुटली तू.

ऊन मोहामागं गेलं. अन् मग, आत्याबाई, त्या आल्या.

शेताच्या धुऱ्यावरून एकामागं एक, रांगेनं, तोंडातल्या तोंडात कुरकुर करत. आत कोणी ओरडत नव्हतं. कोणी बोलावलं नव्हतं. कनकीचा डबा वाजला नव्हता. फाटकातून आल्या, माझ्याकडं न पाहता अंगणातून गेल्या, अन् उघड्या दारातून कोठ्यात शिरून आपापल्या दांड्यावर जाऊन बसल्या. सकाळी जिले मी काडीनं हाकललं होतं, ती बी आली. एक बी कमी नव्हती. मी उठून ओरडली, "मेल्यांनो, काहून आल्या? कोणी बोलावलं होतं तुमाले? काहून आल्या?" त्या दांड्यावरून मान वाकडी करून पाहून राहिल्या, हे काय झालं हिले म्हणून.

अन् तेव्हा मले समजलं. त्या रोजच आल्या असत्या. त्यांचं घर होतं म्हणून त्या येत होत्या. ती एक आत कोंडायची गरज नव्हतीच, आत्याबाई. कधीच संपली होती. तुमी एकदाही दोन्ही दारं उघडून पाहिलं नाही, म्हणून तुमाले समजलं नाही.

मी कोठ्याच्या उंबरठ्यावर बसून रडली. तुमच्यासाठी इतकी रडली नव्हती, खरं सांगते. त्या चिकन्या जमिनीवर हात फिरवला अन् त्या साऱ्या गिन्न्यांसाठी रडली ज्या तिथं दिवसभर चालत राहिल्या. मग पाणी भरून ठेवलं. कडी लावली, मुंगसाची भीती असते म्हणून, आणखी कशासाठी नाही.

आता सकाळ झाली. शेजारची कौसल्या सांजंले येऊन कडी लावीन म्हणाली, कनकी कुठं आहे ते तिले दाखवलं. आज शनिवार आहे. बाल्याले फोन करून सांगितलं की आज तुमी नोका येऊ, मीच येऊन राहिली. ऐकतानी तो बुटाकडं पाहत असंल. किती दिवस राहीन, मले नाही माहीत. पोरगी मले ओळखते, पण मले तिथलं काही माहीत नाही, नळ कधी येते ते बी नाही. भीती वाटून राहिली.

तुमचा लेक मी इथं नसती तरी आला असता का, ते मले सांगता येत नाही. मामाजी घर उघडं असतं तर आले असते का, ते बी नाही. पण एक गोष्ट माझी मले माहीत आहे. तुमी मले पोरीसंग जाऊ दिलं असतं, तर रोवणीले आली असती. कापणीले आली असती. तुमचे गुडघे दुखले असते तर तेल लावाले आली असती, अन् कोणी आवाज न देता आली असती. एकदा मले सोडून तर पाहाचं होतं, आत्याबाई. मी आली असती.